आण्णांची गाडी मागं जात न्हाय

"फुडचे चारी गिअर लोण्यागत पडत्यात," हात पुसत फक्रुद्दीन मिस्त्री म्हणाला. "मागचा तेवढा न्हाय."

राजवर्धन इंगवले झेंडूचा हार हातात घेऊन गाडीपुढं उभा होता. हार बॉनेटवर चढवायचा की परत पिशवीत टाकायचा, हे त्याला कळेना.

"न्हाय म्हंजे?"

"रिव्हर्स पडत न्हाय. दांडीखालचा एक तुकडा झिजलाय. लेथवर टाकलाय करायला. सोमवारी मिळंल."

"मिस्त्री, फेरी आज हाय!"

"मग? फेरी फुडंच जात्या की. फेरीत मागं कशाला जाताय तुमी?"

या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या बोलण्यात ती सहसा नसतेच; चूक निघते ती नंतर, रस्त्यात.

फेरी होती जुन्या मोटारींची. दरवर्षी कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या एका मैदानातून ती निघे आणि राजारामपुरीत संपे. राजवर्धनची गाडी अठ्ठावन्न सालची फियाट. बॉनेटचा आकार पुढं निघालेल्या नाकाडासारखा, म्हणून सगळा मुलूख या गाडीला 'डुक्कर फियाट' म्हणायचा. इंगवल्यांच्या घरात तो शब्द उच्चारायला बंदी होती. राजवर्धनच्या आजोबांनी गुळाच्या अडतीवर ही गाडी नवी घेतली, वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, ती उभी हयात चालवली, आणि आता शहाऐंशीव्या वर्षी आण्णांची एकच इच्छा उरली होती. एकदा या गाडीत बसून फेरीत जायचं.

गेल्या वर्षी ते जमता जमता राहिलं होतं. मैदानावर तपासणीच्या वेळी हॉर्न वाजला नाही, आणि फेरीचे अध्यक्ष विजयसिंह मांगोरे यांनी गाडी बाहेर काढली. "नियम म्हंजे नियम," ते म्हणाले होते. "गाडीतली हरेक वस्तू चालू पायजे." परत येताना आण्णा गाडीत तोंड फिरवून बसले आणि आठवडाभर तालमीकडं फिरकले नाहीत. 'पुढच्या वर्षी जाऊ' असं त्यांना म्हणायचं धाडस घरात कुणाला झालं नाही.

विजयसिंह हे इंगवल्यांचे शेजारी. नियम दुसऱ्याला लावायची त्यांना विलक्षण आवड होती. स्वतःच्या कंपाउंडची भिंत बांधताना त्यांनी ती इंगवल्यांच्या हद्दीत चांगली दोन हात आत घेतली, तेव्हा मात्र त्यांना कुठला नियम आठवला नव्हता. राजवर्धन त्या वेळी म्हणाला होता, "जाऊ दे. भांडण कशाला?" त्याच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक अर्धा वापरलेला डबा परत घेऊन आलं, तरी तो "जाऊ दे" म्हणायचा. थोडक्यात, तो मागं घेणारा माणूस होता. आणि आज त्याच्याकडं मागं घ्यायचा गिअर नव्हता.

"आण्णांना सांगायचं न्हाय," त्यानं मिस्त्रीला बजावलं.

"मी कशाला सांगू?" असं म्हणून फक्रुद्दीननं बॉनेटकडं तोंड केलं आणि उगाचच ते पुसायला घेतलं.

आण्णा पुढच्या सीटवर कधीच बसले होते. फेटा बांधलेला, दोन गुडघ्यांच्या मध्ये काठी. मागं राजवर्धनची बायको मोना पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसली होती, कारण गाडी उभ्या-उभ्या तापत असे. आणि एकदा तापून बंद पडली, की निवेपर्यंत कुणाचं ऐकत नसे.

राजवर्धननं मनातल्या मनात रस्ता आखला. मोठे रस्ते, मोठे चौक, कुठंही वळसा घालायला जागा. सरळ निघायचं, सरळ पोचायचं.

"आधी तालमीत," आण्णा म्हणाले.

"आण्णा, उशीर होईल."

"मारुतीफुडं नारळ फोडल्याबगर ही गाडी कवा मोठ्या कामाला भाईर पडल्या का? पन्हाळ्याच्या शर्यतीला निगालो तवाबी फोडलाता."

पन्हाळ्याचं नाव निघाल्यावर गाडीत कुणी पुढं बोलत नसे. त्रेसष्ट साली गावातल्या काही हौशी पोरांनी पन्हाळ्याच्या घाटात आपापल्या मोटारींची शर्यत लावली होती. शेवटच्या वळणापर्यंत आण्णा पुढं होते. तिथं वरून एसटी आली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा घाटाचा नियम. पण समोर बायाबापड्यांनी भरलेली गाडी बघून आण्णांनी फियाट मागं घेतली. तेवढ्यात बाकीचे सगळे कडेनं निघून गेले आणि आण्णा शेवटचे आले. पहिला नंबर विजयसिंहांच्या वडिलांचा. तेव्हापासून मांगोऱ्यांच्या घरी दर सणासमारंभाला पाव्हण्यांना ओळख करून दिली जाई: "हे इंगवले. मागं घेणारे."

राजवर्धननं गाडी तालमीकडं वळवली.

तालमीची गल्ली मंगळवार पेठेतली. एका तोंडातून बैलगाडी शिरावी आणि दुसऱ्या तोंडातून निघावी, एवढ्याच हिशेबानं ती कधीतरी झाली होती. गल्लीच्या मध्यावर तालीम, तालमीच्या दारात मारुती. अमरसिंह वस्ताद नारळ घेऊन उभेच होते. आण्णांनी तरुणपणी याच तालमीतल्या लाल मातीत अंग घुसळलेलं, त्यामुळं गल्लीच्या लेखी ही गाडी म्हणजे तालमीचीच गाडी. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, पोरांनी "बजरंगबली की जय" केलं. राजवर्धननं पहिला गिअर टाकला. तो खरोखरच लोण्यासारखा पडला.

आणि समोरच्या तोंडातून एक पांढरी, उंच, रुंद गाडी गल्लीत शिरली.

तिच्या स्टिअरिंगमागं विजयसिंह मांगोरे होते. मुख्य रस्ता पाण्याच्या पायपासाठी उकरून ठेवलेला, म्हणून त्यांनी आतली वाट धरली होती. शेजारी एक तरुण बाई बसली होती. देशभरच्या मोटार रॅलींमध्ये नाव काढलेली राजनंदिनी, मूळची बावड्याची. आजच्या फेरीला झेंडा तीच दाखवणार होती. विजयसिंहांनी तिला अंबाबाईचं दर्शन घडवलं होतं, मंगळवार पेठेत मिसळ खाऊ घातली होती, आणि आता ते मैदानाकडं निघाले होते.

दोन्ही गाड्या नाकासमोर नाक येऊन थांबल्या.

विजयसिंहांनी काच खाली केली. "राजू, घे रे मागं जरा."

आवाजात राग नव्हता. रोज ज्या माणसाला मागं घ्यायला सांगितलं आणि रोज ज्यानं घेतलं, त्याच्याशी बोलतात तसा तो आवाज होता.

"हां, घेतो दादा," राजवर्धनच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं.

त्याचा हातही सवयीनंच गिअरच्या दांडीकडं गेला. स्टिअरिंगलगतची दांडी त्यानं ओढली, वर केली, जिथं रिव्हर्स असायला हवा तिथं नेली. दांडी विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखी लोंबकळली. त्यानं घाबरून ती सोडली, पुन्हा धरली, कुठंतरी ढकलली. काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. पडला! त्यानं क्लच सोडला.

गाडी टुणकन उडाली आणि पुढं गेली. मांगोऱ्यांच्या गाडीच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली.

मग अमरसिंह वस्तादांनी मांडीवर थाप मारली.

"शाब्बास रे पठ्ठ्या! मागं घे म्हंटल्यावर फुडं घेतली!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. वरच्या गॅलऱ्यांतून बायका डोकावल्या. विजयसिंहांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू तांबडा झाला.

मोना मागून पुढं वाकली. "अवो, हे काय केलासा?"

"मी न्हाय केलं," राजवर्धन पुटपुटला. आण्णांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, हे त्या क्षणी देवानं दिलेलं सुख होतं. "रिव्हर्स पडत न्हाय."

"मग सांगा की त्यांना तसं!"

"कुणाला सांगू? तपासणी तोच करतोय न्हवं? हॉर्नसाठी भाईर काढली, आता गिअर न्हाय म्हंटल्यावर फेरीत घेईल?"

मोनानं आण्णांच्या फेट्याकडं बघितलं. काल रात्री तीन वेळा बांधून, सोडून, पुन्हा बांधलेला फेटा. "सांगू नका," ती म्हणाली. "मेलं तरी सांगू नका."

विजयसिंह खाली उतरले. दार पूर्ण उघडायला जागा नव्हती, त्यामुळं त्यांना पोट आत ओढून, अंग चोरून बाहेर यावं लागलं, आणि त्यानं त्यांचा राग आणखी वाढला.

"राजू, चेष्टा करालायस व्हय? गाडीत पाव्हण्या हायत. तिकडं मैदानात अख्खी फेरी खोळंबल्या."

"दादा..." राजवर्धन म्हणाला. "मला न्हाय घेता यायचं."

ते खरं होतं. पण गल्लीनं ते वेगळ्याच सुरात ऐकलं.

"न्हाय घ्यायचा तो!" वस्ताद पुढं झाले. "आण्णांची गाडी मागं जात न्हाय. एकदा गेल्या, पन्हाळ्याला. तुमच्या बानं साठ वर्सं ऐकवलं. आता बास."

"वस्ताद, तुमी मधी पडू नका."

"मधी कुटं? गल्ली आमची हाय, पावणं. मधी तुमी आलाय."

एक सुटका राजवर्धनला सुचली. गाडी न्यूट्रलला टाकायची आणि पोरांनी मागं ढकलायची. म्हणजे गिअरचा प्रश्नच मिटला. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून हळूच म्हटलं, "वस्ताद, पोरांनी जरा हात लावला तर... ढकलून..."

"ढकलून मागं?" वस्तादांचा आवाज फाटला. "आमच्याच हातानं? आरं, त्यापरास गाडी हितंच ठेव, वर छप्पर घालतो!"

गाडीच्या उष्णतेचा काटा चढायला लागला होता. राजवर्धन एक डोळा काट्यावर आणि एक विजयसिंहांवर ठेवून बसला. आता इंजिन बंद केलं तर ते पुन्हा कधी चालू होईल सांगता येत नव्हतं. चालू ठेवलं तर उकळणार होतं. मोना कॅन घेऊन उतरली. पोरांनी बॉनेट उघडून दिलं, वाफेचा लोट उठला, कुणीतरी ओरडलं, "गाडीबी तापल्या बघा! मालक थंड हाय, गाडी तापल्या!"

थंड मालक तेवढ्यात, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, दांडी आणखी एकदा चाचपून बघत होता.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. मैदानावरून समितीचा कार्यवाह बोलत होता.

"इंगवले, कुठं हाय तुमी? नोंदणी बंद व्हायची वेळ झाली. पण नशीबवान हाय. अध्यक्षसाहेब कुठंतरी अडकल्यात. कुणी येडं गाडी आडवी घालून बसलंय म्हणं. ते येईपर्यंत तुमाला सवलत."

"बरं," राजवर्धन म्हणाला आणि फोन खिशात टाकला. तो इथं अडकून राहील तोवर त्याला उशीर होणार नव्हता, आणि इथून सुटला की लगेच होणार होता. यावर विचार करायची ही वेळ नव्हती.

विजयसिंहांनी आता दुसरा मार्ग धरला. "बरं, मी घेतो मागं," ते एकदम मोठेपणानं म्हणाले. "शहाण्यानं घ्यावं." ते अंग चोरून परत गाडीत बसले. पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे लागले आणि आतून कर्कश शिटी वाजायला लागली. मागं काहीतरी होतं.

मागं झुंबरबाईच्या दोन म्हशी होत्या. गंगावेशीत सकाळचं धारोष्ण दूध घालून ती गोठ्याकडं परत निघाली होती. पुढची म्हैस गाडीच्या मागच्या काचेत स्वतःचं तोंड बघत उभी होती.

"म्हशी मागं घ्या, बाई!" विजयसिंहांनी खिडकीतून हात हलवला.

"काय घ्या?"

"मागं! मागं!"

झुंबरबाईनं कमरेवर हात ठेवले. "म्हशीला कुटं रिव्हर्स अस्तोय रं बाबा? तुज्या गाडीला हाय न्हवं? मग तू घे की दुसरीकडनं."

गल्लीत असा हशा उठला की तालमीतला मारुतीही हसला असावा. आण्णांचे खांदे हलले. राजवर्धनला मात्र हसू आलं नाही. 'रिव्हर्स' हा शब्द कुणीही उच्चारला की तो चपापून आजूबाजूला बघत होता. आता कुणीतरी विचारणार, आता कुणाच्या तरी ध्यानात येणार.

विजयसिंह पुन्हा उतरले. या वेळी मोठेपणा गाडीतच राहिला होता. "राजू, शेवटचं सांगतो. मागं घे, न्हायतर तुझी गाडी फेरीत कशी येत्या तेच बघतो."

राजवर्धननं शेजारी बघितलं. आण्णा समोर बघत होते, काठीवर दोन्ही पंजे ठेवून. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. फार वर्षांनी कुस्तीच्या फडात पुढच्या रांगेत जागा मिळावी, तसे ते बसले होते.

"न्हाय," राजवर्धन म्हणाला. शब्द इतका लहान निघाला की तो त्याला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही. पण गल्लीनं ऐकला. पुन्हा शिट्ट्या.

तेव्हा पांढऱ्या गाडीचं डावीकडचं दार उघडलं आणि राजनंदिनी उतरली. भिंत आणि गाडी यांमधून ती सहज सरकत पुढं आली. फियाटच्या बॉनेटवरून तिनं हात फिरवला, आत वाकून काटा बघितला आणि मग राजवर्धनच्या खिडकीशी आली.

"काका, लई देखणी गाडी हाय," ती म्हणाली.

तिची नजर दांडीवर गेली. राजवर्धननं दांडीवर हात ठेवला. दांडी त्याच्या हाताखाली मेलेल्या सापासारखी हलली. राजनंदिनीनं ते बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं ज्या डोळ्यांनी बघितलं, तसे डोळे त्यानं आजवर फक्त कर्ज मागायला आलेल्या माणसांचे पाहिले होते.

"रिव्हर्स न्हाय व्हय?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

त्यानं पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

"तपासणी?"

पुन्हा पापण्या.

"पहिला तरी पडतोय न्हवं?"

"लोण्यागत," राजवर्धन कुजबुजला.

"मग बास की." ती सरळ झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "विजयदादा, चावी द्या."

"अं? कशाला?"

"गाडी मी काढतो. बसा तुमी शेजारी. आण्णांनी मागं घ्यायचं न्हाय आणि तुमीबी घ्यायचं न्हाय. मी घेतो. मी पावणी हाय, मला कोण हसतंय?" मग ती पलीकडं वळली. "मावशी, म्हशी वळवतासा का जरा? मागं न्हाय, नुसत्या वळवायच्या."

"असं सांगावं की मग," झुंबरबाई म्हणाली आणि म्हशींची तोंडं फिरवली. म्हशी डुलत गल्लीच्या तोंडातून बाहेर पडल्या.

राजनंदिनी स्टिअरिंगमागं बसली. विजयसिंह शेजारी बसले आणि त्यांनी वरची कडी दोन्ही हातांनी धरली. पुढं जे झालं ते मंगळवार पेठ अजून सांगते. ती पांढरी धुडासारखी गाडी आरसे मिटून, त्या बैलगाडीच्या गल्लीतून, उलटी, सरळ रेषेत अशी सुटली की जणू मागूनच कुणी दोरीनं ओढली. आतली शिटी अखंड किंचाळत होती. त्यात विजयसिंहांचा आवाज किती आणि गाडीचा किती, हे कुणालाच सांगता आलं नाही. चौकात जाऊन ती गर्रकन फिरली आणि थांबली.

गल्लीनं श्वास सोडला. मग टाळ्या.

"कुठं शिकलीस गं पोरी?" वस्तादांनी ओरडून विचारलं.

"साखर कारखान्याच्या आवारात!" ती खिडकीतून ओरडली. "उसाची ट्रॉली मागं घेऊन!"

मैदान येईपर्यंत राजवर्धनला वाटत होतं, संपलं. तालमीची पोरं दुचाकींवरून मागं-पुढं ओरडत चालली होती: "आण्णांची गाडी मागं जात न्हाय!" लोक वळून बघत होते. काटा खाली आला होता. मोनानं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो त्याला बरा वाटत होता.

मैदानाच्या फाटकातून आत शिरल्यावर मात्र त्यानं गाडी अगदी हळू केली.

मैदानात दोन्ही बाजूंना पांढऱ्या फक्कीचे चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनात एक जुनी मोटार, तोंड मधल्या वाटेकडं करून. म्हणजे प्रत्येक गाडी त्यात उलटी लावलेली. गळ्यात बिल्ला अडकवलेला एक स्वयंसेवक शिटी वाजवत नाचत होता: "मागं घ्या, मागं घ्या, येऊ द्या मागं..."

आपल्या चौकोनापाशी आल्यावर राजवर्धननं ब्रेक दाबला नाही. चौकोन गेला. स्वयंसेवक धावत आला. "अवो काका, जागा मागं ऱ्हायली तुमची! मागं घ्या!" राजवर्धन त्याला हात करून पुढं गेला, जणू ओळखीचा कुणी भेटला. अशी वाट संपत आली. समोर बाहेर पडायचं फाटक होतं, रिबीन बांधलेलं. तिथं थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो थांबला. शेजारी पहिल्या नंबरचा चौकोन होता आणि त्यात विजयसिंहांची स्वतःची गाडी, लांबलचक, उघड्या टपाची, लोणीरंगी. फेरीत ती सगळ्यात पुढं जायची होती. तिच्या नाकासमोर आता डुक्कर फियाट आडवी उभी होती.

विजयसिंह आले. पाण्याचे दोन ग्लास पिऊनही त्यांचा रंग अजून परत आला नव्हता. पण हातात तपासणीची पाटी होती, आणि पाटी हातात असली की त्यांना बळ येत असे.

"हॉर्न," ते म्हणाले.

राजवर्धननं वाजवला. खणखणीत वाजला.

"दिवे."

लागले.

"वायपर."

एक हलला, दुसरा विचार करून हलला.

"आता गाडी मागं घे आणि आपल्या जागेत लाव."

राजवर्धननं स्टिअरिंग घट्ट धरलं. इथं गल्ली नव्हती, भिंती नव्हत्या. चारी बाजूंना मोकळं मैदान होतं, आणि सुटायला कुठंच जागा नव्हती. आता खरं सांगितलं तर आण्णा त्याच्यासमोर या सगळ्या लोकांदेखत खाली उतरणार. गेल्या वर्षीसारखे. तोंड फिरवून.

"न्हाय," तो म्हणाला. या वेळी त्याला स्वतःलाही ऐकू आलं.

"न्हाय म्हंजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय, दादा. गाडी हितंच ऱ्हाणार."

फाटकाबाहेरच्या पोरांनी आरोळी उठवली. आजूबाजूच्या मोटारवाल्यांनी माना लांब केल्या. विजयसिंहांची नजर पोरांवरून फियाटवर, फियाटवरून पाटीवर फिरली.

"गाडीची तपासणी पुरी झाल्याबगर—"

"झाल्या की दादा," झेंडा खांद्यावर टाकून राजनंदिनी मधे आली. "मी गल्लीतच बघितली. पहिला गिअर एक नंबर पडतोय. मी सांगतो न्हवं?" तिनं आकाशाकडं बघितलं. "ऊन चढलंय. आता हिला हलवायची, मग तुमची काढायची, मग बाकीच्या. त्यापेक्षा ही तोंडाशीच हाय, हिच्यापास्नंच सुरू करू की."

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. रिबीन सुटली, झेंडा खाली आला. राजवर्धननं पहिला टाकला.

अशा रीतीनं त्या वर्षी जुन्या मोटारींच्या फेरीच्या अग्रभागी अठ्ठावन्न सालची फियाट होती. बावड्यापासून राजारामपुरीपर्यंत विजयसिंह मांगोऱ्यांची लोणीरंगी गाडी तिच्या मागच्या नंबर प्लेटकडं बघत चालली. आण्णांनी एकदाही हात हलवला नाही. नुसती मान ताठ ठेवून बसले. फक्त एका सिग्नलला, विजयसिंह शेजारी आले तेव्हा, त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "तुजा बा आज बगायला पायजे हुता."

दुपारी घरी आल्यावर राजवर्धननं गाडी नेहमीसारखी मागच्या शेडमध्ये घातली. नाक भिंतीकडं करून, शेवटपर्यंत. इंजिन बंद केलं. मग त्याच्या ध्यानात आलं की या शेडमधून गाडी बाहेर निघायची ती उलटीच.

"ऱ्हाऊ दे," त्यानं मनाशी म्हटलं. "सोमवारी बघू."

अंगणात फक्रुद्दीन मिस्त्री येऊन बसला होता. पुढ्यात चहा. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि आण्णांपुढं धरली.

"आण्णा, आता बसवू का हे?"

फडक्यात लोखंडाचा छोटासा तुकडा होता. नवा, चकचकीत, तेल लावलेला.

राजवर्धन बघत राहिला. "हा तर लेथवर हुता न्हवं? सोमवारी येणार हुता?"

"परवाच झालाय तो," मिस्त्री चहात बघत म्हणाला. "आण्णा बोलले, फेरी झाल्याबगर जोडायचा न्हाय. मी काय करू? गाडी त्यांची."

"आण्णा?"

आण्णा फेटा सोडत होते. घडी घालून तो त्यांनी मांडीवर ठेवला. "रिव्हर्स असता तर तू मागं घेतला असतास," ते म्हणाले. "त्या गल्लीत न्हाय तर मैदानात. मैदानात न्हाय तर सिग्नलला. कुटं ना कुटं घेतलाच असतास. मला ठावं हाय तुजं. माज्यावरच गेलायस तू."

"म्हंजे मी मोनाला बोललो ते सगळं..."

"माजा डावा कान बरा हाय असं तुमीच म्हणता," आण्णा म्हणाले. "उजवा वाईट हाय असं मी कवा म्हणालो?"

मोना तोंडाला पदर लावून आत पळाली.

फक्रुद्दीन उठला, पान्यांची पिशवी घेतली. "चला, जोडून टाकतो. शेडमधनं भाईर कशी काढणार न्हायतर?"

राजवर्धननं त्याच्या हातातला तुकडा घेतला. उलटासुलटा करून बघितला. मग शांतपणे स्वतःच्या खिशात टाकला.

"ऱ्हाऊ दे मिस्त्री. घाई न्हाय."

"आणि गाडी?"

राजवर्धननं शेडच्या टोकाला बघितलं. फियाटचं नाकाड जिथं टेकायला आलं होतं, तिथं मांगोऱ्यांची भिंत होती. इंगवल्यांच्या हद्दीत दोन हात आत आलेली.

"फुडनंच काढू की," तो म्हणाला.